कुंकवाची वानगी

बहिणीच्या लग्नाची फिल्म मी निळी केली, त्याला आता तीन वर्षं होत आली. तरी भावकीत कुणाचं लग्न ठरलं की मला अजून बजावलं जातं, "शूटिंग कर बाबा, पर निळं करू नगं."

मी कळंबमध्ये लग्नाचं शूटिंग करतो. पाटीवर 'सिनेमॅटिक' असं लिहिलंय, कारण ते लिहिल्याशिवाय हल्ली गिऱ्हाईक पायरी चढत नाही. पण मी तो शब्द नुसता पाटीवर टांगला नव्हता. त्या उन्हाळ्यात मोबाईलवर मी रंगांचा एक अख्खा क्लास केला. शिकवणारा सांगायचा, चांगला दिग्दर्शक संवादाच्या आधी रंगानं बोलतो. प्रेम असेल तिथं तांबडं, जुनी आठवण असेल तर पिवळसर, पात्राच्या मनात विष असेल तर हिरवट, आणि विरह असेल तर निळं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढं पंधरा दिवस मला एकही सिनेमा धड बघता आला नाही. नायिका रडत असायची आणि मी तिच्या मागच्या भिंतीचा रंग बघत असायचो. आई म्हणाली, "ती बिचारी मराय टेकली, अन् ह्याचं ध्यान भितीत."

निळं म्हणजे उदास, हे आमच्या भागात पटण्यासारखं आहेच. मृगात आभाळ निळंशार दिसलं की अख्ख्या बाजारपेठेचं तोंड उतरतं, आणि काळंकुट्ट भरून आलं की लोक बोलावून चहा पाजतात. काळ्याचं काय करायचं, हे मात्र त्या क्लासात कुणी सांगितलं नव्हतं.

बहिणीचं लग्न मे महिन्यात, भर दुपारी लागलं. मांडवाचं कापड तांबडं. वरून ऊन आणि मध्ये तांबडं कापड असलं की खाली बसलेलं सगळं वऱ्हाड टोमॅटोसारखं दिसतं. गोरा, सावळा, भटजी, वाजंत्री, सगळे एका रंगाचे. इतरांच्या लग्नात मी ते थोडं कमी करतो आणि गप्प बसतो. पण ही माझी बहीण होती. पाठवणीच्या वेळी मी कॅमेऱ्यामागं इतका रडलो की दोन शॉट हलले. मला वाटलं, हा विरह फिल्मभर दिसला पाहिजे, अगदी हळदीपासून त्याची चाहूल लागली पाहिजे. दोन महिने खपून मी सगळी फिल्म निळी केली आणि स्वतःवरच खूश झालो.

दादांना, म्हणजे वडिलांना, ती दाखवावी असं मनातही आलं नाही. दादा अडत दुकानात धान्य पारखतात. पोतं उघडलं की मूठभर सोयाबीन तळहातावर घेऊन दुकानाच्या दारात उन्हात जातात, आणि भिजलेलं किती, डागी किती हे नुसत्या रंगावरून सांगतात. ट्यूबलाईटखाली त्यांनी आयुष्यात माल बघितला नाही. अशा माणसाला सिनेमातला रंग काय कळणार, असं माझं मत. त्यांनाही माझ्या धंद्याचं फार कौतुक नव्हतं. पोरगा काय करतो असं पाहुण्यांनी विचारलं की म्हणायचे, "बटन दाबतोय."

नागपंचमी आली. लग्नानंतरची पहिली पंचमी, लेक माहेरी यायलाच पाहिजे. आईनं आठवडाभर आधीच लिंबाला झोका बांधून घेतला होता. बहिणीला आणायला मी तिच्या सासरी सोनारीला गेलो आणि जाताना फिल्म पेनड्राइव्हमध्ये घेऊन गेलो. म्हटलं, एका खेपेत दोन कामं.

टीव्हीपुढं वीस-पंचवीस माणसं जमली. पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मला वाटलं, भारावलेत. मग हळदीचा प्रसंग आला. माझ्या विरहापायी हळदीला ओल्या सिमेंटचा रंग चढला होता. सगळ्या करवल्या मिळून नवरीला गिलावा करताहेत असं दिसत होतं. एक म्हातारबा म्हणाले, "टीव्ही बिघाडला जणू." दाजींनी उठून वायर हलवली. मी सांगितलं की टीव्ही चांगला आहे, हे मी मुद्दाम केलंय.

हे सांगायला नको होतं.

तेवढ्यात अक्षता पडल्या आणि बहिणीचा चेहरा पडदाभर आला. कपाळावरचं कुंकू काळं. हातातला हिरवा चुडाही काळा. शालू राखेसारखा. बहिणीच्या सासूबाई घेवडा निवडत बसल्या होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"बंद करा ते. मुद्दाम केलंय म्हणता?"

मी विरह, दिग्दर्शक, भावना असं बरंच बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाव्हणं, तुमच्या घरची लेक गेली म्हणून तुमाला वाईट वाटलं, व्हय ना? पर आमच्या घरी सून आली. आमी कशापाय निळं व्हायचं?"

मी पेनड्राइव्ह काढून खिशात घातला.

"काळं कुकू लावलेली सून म्या गावाची शीव वलांडू द्यायची न्हाय," त्या म्हणाल्या. "रंग नीट करून आणा, मग न्या पंचमीला."

आवाजात राग नव्हता. उलट मला जेवू घातलं, वाटेत खायला धपाटे बांधून दिले. पण बहीण भरलेली पिशवी घेऊन दारात उभी होती, तिनं ती खाली ठेवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पंचमीला चार दिवस होते. धपाटे मी एसटीत बसून खाल्ले आणि त्यांची चव चांगली लागली याचीही मला लाज वाटली.

एकटाच घरात शिरलो तेव्हा आई माझ्यामागं दाराकडं बघत राहिली. सगळं सांगावं लागलं. दादांनी फक्त "दाव" म्हटलं. मी हळदीचा प्रसंग लावला. त्यांनी मान तिरकी करून बघितलं.

"माल भिजलाय."

"भिजला न्हाय दादा, ती उदासी हाय."

"तेच ते. वानगी कुठंय?"

वानगी म्हणजे नमुन्याचा माल. व्यवहार वानगीवर ठरतो, आणि पोती आली की वानगीशी ताडून बघतात. दादांचं म्हणणं असं की नजर फसते, वानगी फसत नाही. त्यांनी आईला देव्हाऱ्यातला हळदीकुंकवाचा करंडा आणायला लावला. हिरव्या चुड्याची वानगी आईच्या मनगटातच होती. ती उतरवायची नाही, म्हणून आईलाच हात पडद्याजवळ धरून बसवलं.

मग ट्यूबलाईटचा प्रश्न आला. दादा ट्यूबखाली बघेनात, म्हणून कॉम्प्युटर उचलून दारात ठेवला. दारात उजेड इतका की पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसायला लागलं. शेवटी दादांनी घोंगडी काढली. घोंगडीखाली मी, दादा, कॉम्प्युटर आणि आईचा एक हात. आई बाहेर. वानगी बाहेर उन्हात बघायची आणि लगेच आत शिरून पडदा बघायचा, असा दादांचा क्रम. शेजारच्या काकू जाता जाता थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "दोघांनाबी सर्दी झाली व्हय? वाफ देताव का?"

दोन दिवस हे चाललं. आई मध्येच हात सोडवून घ्यायची, भाकरी थापायची आणि पीठ झटकून हात परत आत द्यायची. "हा डाळीचा पिवळा हाय, हळदीचा न्हाय," दादा म्हणायचे. "कुकू अजून वर घे. आता लई झालं, मिरची झाली." मी मांडवाची लाली पुसायला गेलो, तर माझं मनगट धरलं. "मांडव तांबडा व्हता, तर माणूस तांबडं दिसंल. भेसळ नगं." मी वाद घातला, चिडलो, एकदा घोंगडी फेकून उठलो. पण त्यांनी म्हटलं तसं केलं की चेहरा जिवंत व्हायचा. मला त्याचा राग यायचा.

सगळ्यात शेवटी पाठवणी राहिली. त्या दिवशी दादा आम्हाला कुणालाच दिसले नव्हते. ते म्हणाले होते, आचाऱ्याकडं होतो. आईनं दोन महिने ते उगाळलं होतं, फोनवर बहिणीलाही ऐकवलं होतं, "लेक निघाली, अन् ह्यांला आचारी सुचला."

मी निळं काढलं. इतके दिवस अंधारात बुडालेला डावा कोपरा उजळत आला. तिथं मांडवाच्या खांबाआड, तांबड्या उजेडात, दादा उभे होते. उपरण्यात तोंड खुपसून, खांदे हलत होते. त्या लालीत ते लहान मुलासारखे दिसत होते.

मी चित्र तिथंच थांबवलं. आईचा हात तेवढा पडद्याशी होता, आणि ती बाहेरून विचारत होती, "झालं का? रग लागली हाताला."

दादा हळूच म्हणाले, "तेवढा कोपरा काळा कर."

"भेसळ हुईल, दादा."

"कर म्हणलं ना."

मी केला. एवढ्यासाठीच काळा रंग असतो, हे मला तेव्हा कळलं. पण तो घरच्या प्रतीत. सोनारीची प्रत मी तशीच ठेवली, आणि हे त्यांना सांगितलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा टीव्हीपुढं उभा होतो. सासूबाईंनी हळद बघितली, चुडा बघितला, कुंकवाला मान डोलावली. पाठवणी लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबवा. मागं घ्या जरा." मग जवळ जाऊन कोपऱ्यातल्या दादांकडं बघितलं. "इवाई हायत का हे?" त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि बहिणीला म्हणाल्या, "पिशवी घे, बाई. दोन दिस न्हाय, चांगली आठ दिस ऱ्हा."

एसटीत बहीण खिडकीकडं तोंड करून बसली. घरी पोचलो तेव्हा दादा दारात उभे राहून तळहातावरचा हरभरा बघत होते. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "आचारी बरा हाय का?"

दादांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हरभरा हळूहळू मुठीतून सांडायला लागला.

"ह्याला नुसतं बटन दाबाय येतंय," ते म्हणाले आणि उपरणं शोधायला घरात गेले.