टाचा बघणारा माणूस

जवळ सरक पोरी. इतक्या महिन्यांनी आलीस अन् त्यातही फोनात डोकं! ठेव तो बाजूला.

अहमदपूरच्या हॉलात भीमजयंतीला आम्ही बायकांनी नाटक केलं, तेव्हाच्या पडदा ओढणाऱ्याचं सांगते. नाव विचारायचं राहूनच गेलं. पाय सुजलेले, स्टुलावर बसलेला, दोरी मनगटाला गुंडाळलेली. वर लोंबते ती झालर, आपण लपतो ती विंग, हे त्यानंच मला सांगितलं. पण नाटक सुरू झालं तरी याची नजर आपली खाली. मी म्हटलं, "काका, झोप लागली का?"

"थकलोय बाई, झोपलो न्हाई. तोंडं पुढच्या लोकांसाठी. विंगेतून मी टाचा बघतो. बोलणं विसरलं की माणसाची टाच उचलते."

मी हसले. अन् माझ्याच भाषणात मधेच सगळं कोरं झालं. समोर अख्खी वस्ती बसलेली. नाटक बसवणाऱ्या बाई मागून "पाडा पडदा!" म्हणून राहिल्या. त्यानं दोरी हलवली न्हाई. हळूच म्हणाला, "इकडं ये माय. माठातलं पाणी पी अन् परत जा. लोकं थांबतात."

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच हाय. मी पाणी पिऊन परत गेले, तर शब्द आपसूक आले.

आता माझेबी पाय सुजतात. परवा शेजारणीला तुझं नाव सांगायला गेले, तर लई वेळ आठवेना. खाली बघितलं, टाच उचललेली.

लवकर परत ये बाई. अन् मी अडले तर घाई करू नको. पाणी दे, थांब जरा.