फ्रीजरमधलं शेळगाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लॅबच्या मॅडमना नाही, गावी, वरकुट्याला गेलो की ज्यांच्या खाटेशी तासन्‌तास बसतो त्या आबांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर आलं की मी भलतंच बोलत सुटतो — पाणीपाळी, उसाची तोड, मुलीचं कॉलेज. बोलण्यात मी तसा पटाईत आहे. हा सगळा प्रकार त्या पटाईतपणामुळेच इतकी वर्षं झाकून राहिला.

मी बारामतीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासतो. वीसेक वर्षं झाली. नवे तंत्रज्ञ शिकायला आले की मॅडम त्यांना माझ्याकडे पाठवतात. ‘माने कंट्रोलशिवाय पट्टी लावत नाहीत,’ असं चारचौघांत सांगतात. एकाच माणसाच्या रक्ताला बारामतीत एक आणि पुण्यात दुसरंच उत्तर मिळू नये, सगळ्या लॅबची तपासणी एका मापात यावी, म्हणून जी खटपट चालते, तिच्या बैठकांना मी बोलायला जातो. टाळ्याही पडतात. अशा वेळी मी बाटली उघडून पाणी पितो. तहान लागलेली नसते.

हा कंट्रोल म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला किरकोळ वाटेल.

काही आजारांत शरीर स्वतःवरच उलटतं. रक्तात अशी द्रव्यं तयार होतात, की ती आपल्याच पेशींना जाऊन चिकटतात. ती आहेत का, हे बघायची एक तपासणी असते. काचेच्या पट्टीवर आठ गोल घरं, प्रत्येक घरात पेशींचा पातळ थर. एकेका घरात एकेका माणसाच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळट पाणी, टाकायचं, धुवायचं, वर चमकणारं रसायन घालायचं आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आजार असेल तर पेशींचे गोळे हिरवे चमकतात, भिजवलेल्या मुगासारखे. नसेल तर काळोख. पण काळोख दिसला म्हणजे आजार नाही, की रसायनच मेलंय? ते कळावं म्हणून पहिल्या घरात नक्की चमकणारं, माहितीतलं सीरम टाकतात. तो कंट्रोल. तो चमकला, तरच बाकीच्या काळोखाला अर्थ.

आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. एका मेंढीच्या गळ्यात घंटा असायची. मला डुलकी लागायची, तेव्हा आबा म्हणायचे, “घंटा गप झाली म्हंजे मेंढरं निजली असं समजू नगं. आधी घंटाच हाय का बघ.” म्हणजे हे मला शिकवायला कुणा लॅबची गरज नव्हती. दहाव्या वर्षीच कळलेलं होतं.

तरीही.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजाराचा दिवस होता. बाजाराला आलेली माणसं त्याच फेरीत रक्त देऊन जातात, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी रीघ लागते. सात घरांना सात नमुने आले, पहिलं घर कंट्रोलचं. पट्टी भरली. आणि मग शेळगावची मालन आली. बत्तीसेक वर्षांची असेल. टोमॅटो विकून आलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला, गालांवर तांबडे चट्टे. नवरा खाली गाडीपाशी थांबला होता. तिला म्हटलं, पट्टी भरली, पुढच्या आठवड्यात या. ती हलेना. सुई टोचून घ्यायला हात पुढे करून बसली आणि म्हणाली, “दादा, उन्हात गेलं की तोंड पेटतं माझं. बोटं वळत न्हायती. घरात कुणालाच पटत न्हाय. परत येऊ द्यायची न्हायती मला.”

मला दया आली. हे मी फुशारकीनं सांगत नाही. दया आली, आणि मी कंट्रोलचं घर तिला दिलं. पहिलं घर.

इतकंच असतं तर? इतकंच नव्हतं. त्या दिवशी चमकणाऱ्या रसायनाची बाटली मला फ्रीजमध्ये सापडलीच नाही. ती खिडकीत होती. आदल्या दुपारपासून, चैत्राच्या उन्हात, माझ्याच हातून राहिलेली. हाताला कोमट लागली. मी ती दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली — काय होणार होतं त्यानं? — आणि वापरली. पट्टी बघितली तर आठही घरं काळी. नुसती काळी नाही. निरोगी रक्तालाही एक फिकट धुरकट झाक असते, रोज बघणाऱ्याला ती ओळखू येते. त्या दिवशी ती झाकसुद्धा नव्हती. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि आठ वेळा निगेटिव्ह लिहिलं. खाली माणसं खोळंबली होती.

रजिस्टरात कंट्रोलचा रकाना असतो. तो चमकला की बरोबरची खूण करायची. मी काय करायचो माहितीये? सोमवारी सकाळी चहा पिता पिता येत्या आठवडाभराच्या खुणा एकदमच करून टाकायचो. कंट्रोल रोज चमकायचाच, मग रोज कशाला पेन शोधा? त्या दिवशीची खूणही सोमवारीच झालेली होती.

दुसऱ्या दिवशी गर्दी नव्हती. सवडीनं कंट्रोल लावला, आणि तो चमकला नाही. नवी बाटली फोडली, कंट्रोल लखलखला. मग कालचे आठही नमुने काढून परत लावले. सात काळे — त्या फिकट धुरकट झाकेसकट, खरे काळे. आठवा हिरवागार. मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही. घराबाहेर पडायला तिला जमणार नव्हतं म्हणून जिची सोय केली, नेमकी तीच.

रिपोर्ट आदल्या दिवशीच ती घेऊन गेली होती. तिच्या अर्जावर नवऱ्याचा नंबर होता. मी लावला. तिकडून “बोला” म्हणाला. मी... मी म्हटलं, चुकून लागला. आणि ठेवला.

का? त्याच महिन्यात आमची लॅब बाकीच्या लॅबशी ताळा करून बघायच्या यादीत पहिल्यांदा आली होती. मॅडमनी ते काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि रजिस्टराच्या प्रती पुण्याला जायच्या होत्या. तिला परत बोलावलं असतं तर मॅडमनी कारण विचारलं असतं, कारण निघालं असतं तर खूण निघाली असती. पण निदान ‘नमुना खराब झाला, परत द्या’ एवढं तरी म्हणता आलं असतं. एवढं खोटं तर मला सहज येत होतं. मी तेही बोललो नाही. त्या दुसऱ्या पट्टीची नोंद मी कुठेच केली नाही.

आठ महिन्यांनी तिचा काटेवाडीचा भाऊ तिला घेऊन आला. पाय सुजलेले, डोळे सुजलेले, लघवीतून फेस. मूत्रपिंडांना लागलं होतं. नमुना लावला, कंट्रोल पहिल्या घरात, ती दुसऱ्यात. दोन्ही चमकले, पण तिच्यापुढे कंट्रोल फिका दिसत होता. मॅडमनी जुना रिपोर्ट काढून विचारलं, तेव्हा निगेटिव्ह कसा? मी शांतपणे सांगितलं, की काही जणांत ही द्रव्यं सुरुवातीला दिसत नाहीत, मागाहून दिसतात. मॅडमनी मान डोलावली. कारण असं खरोखरच होतं कधी कधी.

मालनला मीच कागद दिला. तिनं पॉझिटिव्ह शब्दावर बोट ठेवलं. “म्हंजे हाय ना?” मी म्हटलं, आहे. ती चक्क हसली.

मग तिनं सांगितलं. चिडून नाही, गंमत सांगावी तसं. पहिला रिपोर्ट सासूबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला लटकवला होता. मालन दुपारी आडवी झाली की सासू नुसती तिकडे बोट दाखवायची. सगळा उन्हाळा ती टोमॅटोत आणि डाळिंबात उन्हाखाली राबली. या आजारात ऊन वैऱ्यासारखं असतं, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. पुढं पुढं तर तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की आपण सोंगाडी आहोत.

“दोन कागद द्या दादा,” ती म्हणाली. “एक तितंच खिळ्याला लावायचा हाय.”

मी दोन काढून दिले. तिनं माझे आभार मानले. पुढच्या खेपेला पिशवीभर डाळिंबं आणली. ती मी घरी नेली. मुलीनं वाटीत दाणे काढून समोर ठेवले, आणि मी खाल्ले. थुंकून टाकावेसे वाटले, पण मुलगी बघत होती.

ती औषधाला येत राहिली. त्याच सुमारास मॅडम म्हणाल्या, कंपनीच्या किटमधून येणाऱ्या कंट्रोलवर विसंबू नको, आपला स्वतःचा एक भरवशाचा ठेवू. मालनइतकं लख्ख सीरम आमच्याकडे दुसरं नव्हतं. तिला विचारलं, सही घेतली. ती लगेच तयार झाली. म्हणाली, माझ्या रक्तानं दुसऱ्या कुणाला खरा कागद मिळणार असंल तर घ्या की. दर खेपेला थोडं जास्त रक्त मी काढायचो आणि छोट्या कुप्यांत भरून ठेवायचो. तिचा दंड बारीक होत गेला. नंतर नंतर शीर सापडायला वेळ लागायचा, तर तीच मला धीर द्यायची.

पुढं डायलिसिस लागलं. ती गेली त्याला आता सात वर्षं होतील. मी काटेवाडीच्या भावाला भेटून आलो. शेळगावला गेलो नाही. गेलो असतो तर तो खिळा दिसला असता.

पण कुप्या आहेत. अजून पुष्कळ आहेत. कुपीवर नाव लिहीत नाहीत, नुसता आकडा असतो, म्हणून लॅबमधले सगळे तिला ‘शेळगाव’ म्हणतात. सकाळी आल्या आल्या कुणीतरी विचारतं, “माने सर, शेळगाव काढलं का?” मी काढतो. तळहातात धरून वितळवतो. पहिल्या घरात थेंब टाकतो. अंधाऱ्या खोलीत डोळा लावला, की ती असते. हिरवी. ज्या घरात एकदा मी तिला काळी ठरवलं, त्याच घरात. वाटतं, एखाद्या सकाळी ती चमकणार नाही. कधी कधी त्याचीच वाट बघतो. मी तुम्हाला विचारतो — जे माणूस रोज समोर खरं बोलतं, त्याच्याकडे किती वर्षं बघता येतं?

मागच्या महिन्यात एक मुलगी आली. इंदापूरला कॉलेजात आहे, प्राजक्ता नाव. आईचं नाव सांगितलं, तेव्हा माझ्या हातातली नळी टेबलावर आपटली, फुटली नाही. बोटं दुखतात म्हणाली. मावशीनं सांगितलं, एकदा बघून घे. चौथीत होती ती, मालन पहिल्यांदा आली तेव्हा.

मी पट्टी लावली. पहिल्या घरात आई, दुसऱ्यात लेक. बाकीची सहा घरं मुद्दाम रिकामी ठेवली. पहिलं घर चमकलं. दुसरं काळं, फिकट धुरकट झाकेसकट. मी तीन वेळा बघितलं. मग रजिस्टरात खूण केली, बघून झाल्यावर.

तिला कागद दिला. म्हटलं, निगेटिव्ह आहे, दुखणं राहिलं तर सहा महिन्यांनी परत ये. ती कागद बघत उभी राहिली. मग म्हणाली, “काका, आईचा पयला कागद पण असाच होता. कोरा. ह्याच्यावर इस्वास ठेवू ना?”

म्हटलं, ठेव.

ती जायला निघाली आणि दारातून वळली. चेहरा आईचा नाही, पण वळणं तेच. “तवा आईचा आजार दिसतच नसंल, व्हय ना? आई म्हणायची, माने दादांनीच शोधला म्हणून. न्हायतर तशीच गेली असती, खोटारडी म्हणून.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. मॅडम सुट्टीवर होत्या. फ्रीजर घरघरत होता. जुनं रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात, खालच्या फळीवर होतं, आजही आहे. हात मागे केला असता तर लागलं असतं.

मी म्हटलं, “व्हय. तेव्हा दिसत नव्हता.”

तिनं मान हलवली, कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि जिना उतरून गेली.

तो दिसत होता. दुसऱ्याच दिवशी मी तो पाहिला होता.