हुरमुज्यांचे भाऊबंद

‘तुमचे व्याही सज्जन होते, पण तो मॉरिशसचा भाऊबंद म्हणजे त्यांनी मारलेली शुद्ध थाप,’ असे आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त वकील अजूनही सांगत फिरतात. माणूस गेला म्हणजे त्याची बाजूही गेली, असा त्यांचा समज दिसतो. ती बाजू मी मांडतो.

पुण्यात आडनावावरून भांडणारे पुष्कळ. आडनावासाठी समुद्र ओलांडणारे माझे व्याही एकटेच. आडनाव हुरमुजे. शनिवार पेठेत हयात गेली, पण हे आडनाव दुसऱ्या कोणत्याही दारावर त्यांना आढळले नाही. आपले पूर्वज इराणच्या होर्मुझ बंदरातून घोडे घेऊन दख्खनेत उतरले, असा त्यांचा सिद्धान्त होता. माझ्या मुलासाठी आम्ही त्यांची कन्या पाहायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या बशा बाजूला सारून त्यांनी जगाचा नकाशा अंथरला. मी पत्रिकेचा विषय काढला. ‘पत्रिका राहू द्या हो, आधी बंदर पाहा!’ लग्न ठरले ते नकाशाची घडी घालता घालता.

दिसेल ती पाटी वाचणे हा त्यांचा नित्यनेम. वाघोलीच्या एका नव्या सोसायटीत टपालपेट्यांवरची नावे वाचताना पहारेकऱ्याने त्यांना धरले. ‘चोर नाही हो मी, भाऊबंद शोधतोय!’ ‘मग सापडले की गेटवर त्यांचीही एंट्री करा,’ असे उत्तर मिळाले. होर्मुझवर एके काळी पोर्तुगीजांचे राज्य होते, एवढ्या आधारावर हे गृहस्थ लिस्बनला गेले आणि दफनभूमीत थडगी वाचत हिंडले. शोकाकुल समजून तिथल्या रखवालदाराने फुले देऊ केली. यांनी ती घेतली, आभार मानले आणि त्याला त्याचे आडनाव विचारले.

हा सारा खटाटोप वकीलसाहेबांना हौस वाटला. मला वाटला नाही, कारण एकदा चहा निववत व्याही मला म्हणाले होते, ‘एकुलती एक मुलगी, ती आता तुमच्या घरची. माझ्याबरोबर नाव बुडेल, बुडू दे. पण जगात आपलं म्हणावं असं आणखी एक घर आहे, एवढं कळून जावं, व्याहीबुवा.’

ते घर मॉरिशसला सापडले. ज्येष्ठांच्या सहलीत बाकीचे समुद्रकिनाऱ्याचे फोटो काढत असताना हे देवळातला देणगीदारांचा फलक वाचत होते. त्यावर हुरमुजे! चपला देवळातच राहिल्या; हे अनवाणी पत्ता विचारत गेले. तासभर बस खोळंबली, सहप्रवासी संतापले. त्या घरचे वृद्ध गृहस्थ पेशाने शिंपी, पणजोबा उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. मराठी मोडकी, पण दोघांनी तेवढ्यातच कुलदैवत जुळवले. पुढे दर रविवारी फोन. आमच्या कट्ट्यावर वकीलसाहेब कडाडले, ‘नुसतं आडनाव म्हणजे पुरावा नव्हे. रक्त तपासलंत का?’ व्याही शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही वडिलांना बाबा म्हणायला लागलात, तेव्हा तपासलं होतंत?’

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता व्याही गेले. मीच मॉरिशसला फोन केला.  बातमी ऐकून त्या गृहस्थांनी केवळ तिथी विचारली. मला तो प्रश्न चमत्कारिक वाटला. गणेश चतुर्थीला सूनबाईंनी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. मीही शेजारी बसलो होतो. मॉरिशसच्या काकांची दाढी वाढलेली, घरात ना आरास, ना मोदक. मी व्याही असूनही मला ज्यांचे सुतक नव्हते, त्यांचे ते पाळत होते. सुतक भाऊबंदांचे असते. परक्याचे कोणी पाळत नाही, हे वकीलसाहेबांना मी सांगायला नको. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे : पणजोबांपासून ज्यात कधी खंड पडला नव्हता, तो गणपती त्या वर्षी मॉरिशसच्या हुरमुज्यांकडे बसला नाही.