‘चलता’चं भाषांतर

इंग्लंडमध्ये मी परदेशी कामगारांच्या हक्कांसाठी भांडायचे. भांडायचे म्हणजे तक्रारी लिहायचे, सुनावणीत दुभाषी म्हणून बसायचे, आणि युरोपातल्या कुठल्यातरी शहरात मोर्चा असला की फलक धरून उभी राहायचे. मोर्चात सगळे "आपण एक आहोत" म्हणून ओरडायचे. मोर्चा संपला की जो तो आपल्या घरी आणि मी माझ्या खोलीत, कुकरपाशी. आठवडे जायचे, तोंडून मराठी शब्द निघायचा नाही. एकदा फोडणी देताना माझ्या गावच्या, डिचोलीच्या बाजारातल्यासारखी मोठ्याने घासाघीस करून पाहिली, तर शेजारीण दार ठोठावून बरी आहेस ना विचारून गेली.

अशात आमच्याच मुलखातला, केरीचा एक माणूस आमच्या कचेरीत आला. जुन्या पोर्तुगीज राजवटीच्या हक्काने मिळणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवर आलेला, भाजी पॅक करण्याच्या कारखान्यात कामाला. मालकाने दिलेल्या एका खोलीत आठजण, भिंतींना बुरशी, आणि याला खोकला जडलेला. तक्रार मान्य झाली तर राहायला धड खोली मिळणार होती. फेटाळली तर खोली आणि नोकरी, दोन्ही जाणार. "ताई, तुमी खंयच्या?" त्याने विचारलं. माझं गाव माझ्या बोलीत कोणी विचारल्याचा मला इतका आनंद झाला की अर्ज बाजूला ठेवून मी आधी केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीची चौकशी केली.

सुनावणीत अधिकाऱ्याने विचारलं, "पहिल्या दिवशी खोली दाखवली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

तो म्हणाला, "चलता म्हटलंय."

मी जराही न थांबता इंग्रजीत सांगितलं, खोली ठीक आहे असं तो म्हणाला. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. तक्रार फेटाळली गेली आणि महिन्याभरात तो गावी परतला.

त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. डिचोलीला आमच्या घरामागे खाणीवरच्या मजुरांची पत्र्याची खोपटं होती, सावंतवाडीकडची माणसं. वडील खाणीच्या कचेरीत कारकून. ते जाऊन विचारायचे, "पाणी पुरता मां?" हंडे रिकामे असले तरी आतून उत्तर यायचं, "चलता, बाबा." वडील वहीत लिहायचे, तक्रार नाही. हे मी कितीदा पाहिलं होतं, आणि शेवटी त्यांचाच शेरा इंग्रजीत मारून मोकळी झाले. त्याची लाज मला आजही वाटते. तेव्हा सांगणार कोणाला? तिथल्या माझ्या सहकाऱ्यांना ‘चलता’ समजावण्यातच संध्याकाळ गेली असती.

काही वर्षांनी मी कायमची डिचोलीला परत आले. वडील गेलेले, भाऊ वास्कोला. एके सकाळी बस धरून केरी गाठली. तो अंगणात जाळं शिवत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की चूक माझी होती, त्याची नोकरी माझ्यामुळे गेली.

"न्हय ओ ताई. तुमी बरोबरच सांगितलात. मी चलता असांच म्हटलंय."

"पण तुमका म्हणूचा काय होता?"

"काय म्हणतलंय? दुसरी जागा खंय होती?" तो हसला. मला हसू आलं नाही. मग माझ्या घरच्यांची चौकशी करून त्याने विचारलं, "तुमी आता डिचोलीक एकट्याच रवतास? जमता?"

"चलता," मी म्हटलं.

त्याने जाळं खाली ठेवलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि घरात बायकोला हाक मारली, "आणखी एक ताट मांड गो. ताई हयच जेवतली."