पांढरे दाणे

"खाली ठेव. टेबलावर. हातात देऊ नको कुणाच्या."

भरल्या क्लबहाऊसात सेक्रेटरी मला हे म्हणाला. माझ्या हातात खताची पुडी होती. समोरच्या बाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला.

ते खत त्यांच्याच संडासाचं. आमच्या बेळ्ळंदूरच्या अपार्टमेंटखाली मैलापाणी साफ करायचा प्लांट आहे. तिथं गाळ यंत्रात दाबला की काळं पाणी निथळतं. त्यात मॅग्नेशियमचं मीठ घालून मी पांढरे दाणे काढायचो. बायका ते कौतुकानं तुळशीला घालायच्या. स्वतःच्या घाणीचा विटाळ नव्हता. विटाळ माझ्या हाताचा.

आधी असं नव्हतं. मी निपाणीकडचा, आयटीआय झालेला, प्लांटचा ऑपरेटर. इथले कानडी लोक मला अण्णा म्हणायचे. माझ्या मराठी आडनावावरून त्यांना जात कळत नव्हती. मग हा पुण्याचा माणूस सेक्रेटरी झाला. मी बायकोशी फोनवर बोलत होतो, ते त्यानं ऐकलं.

"अरे वा, मराठी! आडनाव काय तुमचं?"

परमुलखात आपली भाषा ऐकून मी हुरळलो. मूर्खासारखा सांगून बसलो. दुसऱ्या दिवसापासून तो मला अरे-तुरे करायला लागला.

क्लबहाऊसातल्या त्या पुड्या वाटायच्या कार्यक्रमानंतर थोड्याच दिवसांत प्लांटच्या टाकीतला पाइप तुंबला. तेच दाणे आत धरून दगड झाले होते. अशा वेळी मैला उपसायची मशीनची गाडी बोलवायची, माणूस उतरवायचा नाही, हा कायदा आहे. पण गाडीला वेळ लागणार होता. बेसमेंटमध्ये वास सुटला होता आणि लोकांच्या गाड्या तिथंच लागतात. वॉचमन, ड्रायव्हर जमले होते. सेक्रेटरी माझ्या कानाशी आला. हळूच, मराठीत म्हणाला,

"उतर ना पटकन. तुमच्या लोकांना सवय असते."

माझा चुलता असाच एका टाकीत उतरला होता. गॅसनं आतच गेला.

खरं सांगतो, मी झाकण उघडलं. यशवंतपूरच्या खोलीत बायको पोटुशी होती. नोकरी गेली तर खायचं काय? एक पाय शिडीवर ठेवला. खालून वास आला आणि चुलत्याचं निळं पडलेलं तोंड डोळ्यांपुढं आलं. मी पाय वर घेतला, झाकण लावलं आणि त्याच्यावरच बसलो.

"नानु इळियल्ल," मी ओरडलो. मी उतरणार नाही. सगळ्यांना कळावं म्हणून कन्नडमध्ये. तो माझ्या कानात काय बोलला तेही कन्नडमध्येच सांगितलं, शब्द न् शब्द. ड्रायव्हर खाली बघत राहिले. गाडी येईपर्यंत मी उठलो नाही.

नोकरी गेली. अजून दुसरी नाही. बायको रडते, मला बोलते, तिचं चुकत नाही. मलाही झोप लागत नाही.

माझ्या जागी रायचूरकडचा एकजण घेतलाय. मी रोज गेटवर जातो, तो बाहेर आला की त्याला सांगतो, उतरू नको. वॉचमन हाकलून देतो. दुसऱ्या दिवशी मी परत जातो. तो माणूसही माझ्यावर चिडतो, त्यालाही लेकरं आहेत. चिडू दे. त्याला उतरवायला निघाले तर मी गेट ढकलून आत जाईन, आधी मला त्या झाकणावरून उचलावं लागेल.