घरचं मशीन

आसपासच्या चार गल्ल्यांत त्यांना सगळे कॉम्प्युटरवाले काका म्हणत. पन्नाशी कधीच ओलांडलेली, वरच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि शाळकरी पोरांकडे असतं तसलं खोडरबर. ते पाहून नवीन गिऱ्हाइकं हमखास हसायची. काका शांतपणे रॅमची, म्हणजे मेमरीची पट्टी उपसायचे, तिचे पिवळे दात खोडरबरानं घासायचे, परत खाचेत बसवायचे आणि मेलेलं मशीन उठून बसायचं. मग हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची.

दुकानात त्यांची एक शिस्त होती. मशीन आलं की त्याच्या डोक्यावर पांढरी चिकटपट्टी लागायची. त्यावर तक्रार, तारीख, गिऱ्हाईक. खाली ‘दुरुस्त’ आणि ‘कळवलं’ अशा दोन ओळी रिकाम्या. जुनी तारीख आधी. नात्यातला असो नाहीतर मोठा साहेब, नंबर सोडून काका हात लावत नसत. या बाबतीत ते भलतेच ताठ होते.

ही शिस्त फक्त घरच्या मशीनला लागू नव्हती. ते मशीन नव्हतंच मुळी, काकांचं कोठार होतं. एखाद्याकडे बिघाड नेमका कशात आहे ते कळेना, की घरचा चांगला भाग काढून तिथे लावून बघायचा. तात्पुरता. तात्पुरता गेलेला भाग घरी परतल्याचं मात्र कुणी पाहिलेलं नाही.

काकूंना जाऊन चार महिने झाले होते. लोक म्हणत, काका फार खंबीर. खंबीर कसले? त्यांना काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, तसे ते सगळेच्या सगळे झाले होते. दुकान उघडायचं, दुकान बंद करायचं, ताट धुऊन पालथं घालायचं.

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला.

“बाबा, आई माझ्या छोटीसाठी स्वतःच्या लहानपणीच्या आठवणी लिहीत होती ना कॉम्प्युटरवर? तेवढ्या काढून पाठवा.”

“बघतो.”

“बघतो नको, बाबा. आजच बघा. आईच्या हातचं लिहिलेलं माझ्याकडे दुसरं काहीच नाही.”

काका आतल्या खोलीत गेले. टेबलाखाली मशीन होतं, त्यावर बोटभर धूळ. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि आतून लांबलचक बीप सुरू झाले, थांबायचं नाव नाही. हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. मेमरीची तक्रार. आणि हाच आवाज काकूंनी सांगितला होता. “अहो, तो नुसता ओरडत बसतो.” काका तेव्हाही “बघतो” म्हणाले होते.

बाजूचा पत्रा उघडला. रॅमची खाच रिकामी. पट्टी कुठे गेली तेही लगेच आठवलं. वकीलबाईंच्या मशीनमध्ये लावून बघितली, मशीन चाललं, बाई खूश झाल्या, पट्टी तिथेच राहिली. त्यांनी ड्रॉवरमधून दुसरी काढली, घासली, बसवली. पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली: डिस्क सापडत नाही.

इथे त्यांचा हात थांबला. सगळं त्या जुन्या डिस्कमध्येच होतं. ती गेली असेल तर लेकीला काय सांगायचं? त्यांनी टॉर्च आत धरला. डिस्क जागेवर होती, तिची केबलच नव्हती. तीही त्यांनीच कुठेतरी नेलेली. दुसरी जोडली. डिस्क घरघरली.

‘छोटीसाठी’ नावाची फाइल होती. सहा पानं. काकूंच्या वडिलांची सायकल, तिची न वाजणारी घंटी, बहिणीशी झालेली मारामारी. काका खुर्चीत न बसताच वाचत होते. शेवटी लिहिलं होतं: ‘एक गोष्ट मी तुझ्या आजोबांनासुद्धा कधी सांगितलेली नाही. त्या दिवशी शाळेतून येताना मी’

पुढे काही नाही. फाइलवर तारीख अडीच वर्षांपूर्वीची.

त्यांनी दोनदा पान खाली सरकवून पाहिलं. मग सवयीनं पत्रा बसवला, स्क्रू आवळले आणि फडक्यानं वरची धूळ पुसली. धुळीखाली पांढरी चिकटपट्टी होती. दुकानातल्यासारखीच आखलेली, पण अक्षर काकूंचं, गोल.

तक्रार: चालू होत नाही.
तारीख: फाइलच्या दुसऱ्या दिवसाची.
गिऱ्हाईक: घरचंच. घाई नाही.

दुकानात त्या घडीला अकरा मशीनं होती. सगळ्यांच्या तारखा हिच्यानंतरच्या. त्यांना रडू यायला हवं होतं. ते वाट बघत उभे राहिले, पण आलं नाही. फडकं तेवढं हातात घट्ट धरलेलं होतं.

फोन वाजला.

“मिळालं, बाबा?”

“मिळालं. सहा पानं.”

“एवढंच? आई तर म्हणाली होती, निम्मंसुद्धा झालेलं नाही.”

“हो.”

“मग पुढचं का नाही लिहिलं तिनं?”

“मशीन बंद होतं.”

“काय झालं होतं त्याला?”

गिऱ्हाइकाला सांगावं तसं काकांनी सांगितलं, “रॅम नव्हती. दहा मिनिटांचं काम.”

मग लेक म्हणाली, “ठेवते, बाबा.”

काकांनी पेन काढलं. ‘दुरुस्त’च्या पुढे आजची तारीख घातली. खाली ‘कळवलं’ होतं. पेन त्या ओळीवर टेकवून ते बसून राहिले. मग टोपण लावलं आणि ती ओळ तशीच सोडली.