पापुद्रा काढायचा की कोंबडी?

भिंगबाई हे नाव तिला धाकट्या जावेनं ठेवलं. सासूच्या स्वेटरवरचा केस हिला दारातून दिसायचा, समोर ठेवलेली किल्ली मात्र घरभर शोधायची. अशा बाईला कोंबड्यांच्या कारखान्यात नजर ठेवायच्या जागी उभं केलं, आता बोला.

पिसं काढलेल्या कोंबड्या हुकांना लटकत पुढून सरकायच्या आणि हिनं कातडी बघायची. शेडमधल्या दाटीत पक्षी एकमेकांना ओरबाडतात, ओरखडा चिघळतो आणि कातडीखाली पिवळा पापुद्रा धरतो. त्यात मका खाऊन धडधाकट कोंबडीही पिवळीच. पिवळ्यात पिवळं शोधता शोधता बिचारीच्या डोक्याचा पार भुगा व्हायचा.

त्या दिवशी कोंबड्या तपासणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाई घाईत सांगून गेल्या, पिवळा पापुद्रा दिसला की काढा. झालं. भिंगबाईनं काढला. कातडी उचलायची, पापुद्रा सोलायचा, पाण्याखाली धरायचं, कोंबडी परत हुकावर. जेवायच्या सुट्टीत जावेपुढे मिरवलीसुद्धा.

खोकी भरणाऱ्या जावेचा घास हातातच राहिला. "अगं बाई, पापुद्रा नाही, कोंबडी काढायची. बाजूला."

"मग कोंबडी काढा म्हणायचं ना."

सकाळची खोकी तेव्हा गाडीत चढत होती. दोघी डॉक्टरीणबाईंकडे धावल्या. हे खाऊन कुणी मरेल का, भिंगबाईनं आधी तेच विचारलं. बाई म्हणाल्या, नीट शिजवलं तर बहुतेक काही होत नाही. पण कच्चं धरलेल्या हातानं कुणी काकडी चिरली तर जंतू तिकडे जातात. शिवाय आजारी पक्षी विकायचाच नसतो. डाग छोटा असला तर तेवढा भाग कापून बाकीची चालते, पण ते मी बघून ठरवायचं.

म्हणजे चालते की नाही चालत? भिंगबाईला काही कळेना.

"सोललेल्या कुठल्या, ओळखाल?" बाईंनी विचारलं.

तिनं एक खोकं उघडलं. फाटक्या कातडीची एक सापडली, मग दुसरी, मग तिसरी. पण कातडी तर पिसं काढणारं यंत्रही फाडतं. आपला हात कुठला, यंत्राचा कुठला? नाक लावून बघितलं तरी सगळ्या सारख्याच. जाऊ हळूच तिची बाही ओढत होती, गप्प बस म्हणून.

"नाही ओळखता येत," भिंगबाई म्हणाली. "सगळीच उतरवा."

गाडीवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत खोकी उतरवू लागला. कारखान्याच्या साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तीच आजारी. डॉक्टरीणबाईंनी मात्र खांद्यावर हात ठेवला. शाबासकी मिळाली की नोकरी गेली, हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून भिंगबाई आपली परत जागेवर जाऊन उभी राहिली. समोर पिवळी कोंबडी आली. मक्यानं पिवळी की पापुद्र्यानं? हिनं हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.